पबजीतली .३०० मॅग्नम नेमकी कोणती? शंभर वर्षांत मॅग्नम काडतूस किती बदललं, समजून घ्या

पबजी किंवा बीजीएमआय खेळणाऱ्या कुणालाही विचारा, एअरड्रॉपमध्ये काय मिळालं की सगळ्यात भारी वाटतं? बहुतेक जण एकच नाव घेतील. एडब्ल्यूएम. आणि त्या रायफलसोबत मोजून मिळणाऱ्या गोळ्या म्हणजे .३०० मॅग्नम.

गेममध्ये विषय इथेच संपतो. पण खऱ्या जगात, समजा अमेरिकेतल्या एखाद्या बंदुकीच्या दुकानात जाऊन कुणी म्हणालं की, ".३०० मॅग्नमचा डबा द्या," तर दुकानदार उलट विचारतो, "कोणती?"

कारण या एका नावाखाली निदान सहा वेगवेगळी काडतुसं आहेत. १९२५ ची .३०० हॉलंड अँड हॉलंड. १९४४ ची .३०० वेदरबी. १९६३ ची .३०० विनचेस्टर. १९९९ ची .३०० रेमिंग्टन अल्ट्रा. २००१ ची .३०० विनचेस्टर शॉर्ट मॅग्नम. आणि २०१८ ची .३०० पीआरसी.

गंमत म्हणजे या सगळ्यांच्या टोकाला बसणाऱ्या गोळीचा व्यास एकच आहे, .३०८ इंच, म्हणजे ७.८२ मिलिमीटर. मग गोळी तीच असताना कंपन्या दर काही वर्षांनी नवं काडतूस का काढतात? नवं खरंच चांगलं असतं, की नवी रायफल विकायची ती युक्ती असते?

अमेरिकेतल्या शिकाऱ्यांमध्ये आणि घरी काडतुसं भरणाऱ्या हौशी लोकांमध्ये हा वाद वर्षानुवर्षं चालू आहे. हा वाद नुसता हौसेचा नाही. तिथे कोलोरॅडो, वायोमिंगसारख्या राज्यांत एल्क नावाच्या मोठ्या हरणाची शिकार परवान्यावर होते. काही भागांत परवान्यासाठी लॉटरी असते आणि नंबर लागायला अनेक वर्षं जातात. पूर्ण वाढलेला नर एल्क तीनशे किलोच्या आसपास भरतो. गोळी चुकीच्या जागी लागली तर तो जागेवर पडत नाही, जखमी होऊन जंगलात निघून जातो आणि तडफडून मरतो. त्यामुळे काडतूस कोणतं, या प्रश्नामागे त्या जनावराचं मरण किती लवकर आणि किती कमी यातनांचं असेल, हाही प्रश्न असतो.

आधी बेसिक. मॅग्नम म्हणजे काय?

रायफलच्या काडतुसाचे चार भाग असतात. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाला बसवलेला प्राइमर, आतमध्ये पावडर म्हणजे बंदुकीची दारू, आणि टोकाला गोळी. चाप ओढला की पिन प्राइमरवर आदळते, ठिणगी पडते, पावडर जळते, तिचा गॅस होतो आणि तो गॅस गोळीला नळीतून पुढे ढकलतो. पुंगळी मागे राहते आणि बाहेर पडते.

'मॅग्नम' हा शब्द शॅम्पेनच्या बाटलीवरून आला असं मानलं जातं. नेहमीच्या बाटलीच्या दुप्पट, म्हणजे दीड लिटरच्या बाटलीला मॅग्नम म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ब्रिटिश बंदूक कारखानदारांनी तो शब्द उचलला. अर्थ सरळ होता. गोळी त्याच जाडीची, पण पुंगळी मोठी आणि पावडर जास्त.

आकड्यांत बघू. .३०-०६ हे अमेरिकन लष्कराचं १९०६ सालचं काडतूस. ते मॅग्नम नाही, पण तुलनेसाठी सगळे त्यालाच धरतात. त्यातून १८० ग्रेनची गोळी साधारण सेकंदाला २,७०० फुटांनी सुटते. .३०० विनचेस्टर मॅग्नममधून तीच गोळी साधारण २,९६० फुटांनी सुटते.

ग्रेन हे वजनाचं जुनं माप आहे. आपल्याकडे सोनं तोलायला गुंज होती, तसा युरोपात धान्याचा दाणा. १८० ग्रेन म्हणजे जवळपास ११.७ ग्रॅम.

म्हणजे मॅग्नममुळे वेग वाढला साधारण दहा टक्के. त्याची किंमत म्हणून पावडर बरीच जास्त लागते, आवाज वाढतो, नळी लवकर झिजते आणि खांद्याला बसणारा धक्का साधारण पाव पटीने वाढतो. हा हिशोब लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पहिली पिढी: गरम देशांसाठी बनलेलं काडतूस

लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड कंपनीने १९१२ मध्ये .३७५ मॅग्नम आणलं. आफ्रिका आणि भारतात मोठ्या जनावरांची शिकार करणारे ब्रिटिश अधिकारी, राजे-महाराजे हे अशा कंपन्यांचं गिऱ्हाईक. १९२५ मध्ये त्याच घराण्यातलं .३०० आलं.

या काडतुसाचा आकार आज बघितला तर विचित्र वाटतो. पुंगळी लांब, बुडापासून टोकाकडे निमुळती होत जाणारी, आणि जिथे ती अरुंद होऊन गोळीला धरते तो 'खांदा' अगदी उतरता.

असा आकार का? कारण होतं कॉर्डाइट. त्या काळी ब्रिटिश काडतुसांमध्ये शेवयांसारख्या लांब काड्यांची ही पावडर वापरत. कॉर्डाइटची अडचण म्हणजे तापमान. इंग्लंडच्या थंडीत चाचणी केलेलं काडतूस भारतातल्या मे महिन्याच्या उन्हात तापलं की आतला दाब वाढायचा. दाब वाढला की पुंगळी फुगून चेंबरमध्ये घट्ट बसते आणि बाहेर निघत नाही. समोर जखमी वाघ आणि रायफलमध्ये अडकलेली पुंगळी, अशी वेळ कुणावरही येऊ नये. निमुळती पुंगळी थोडी जरी मागे सरकली तरी भिंतीपासून सुटते, म्हणून हा आकार.

पण त्यातून दुसरी अडचण उभी राहिली. पुंगळी चेंबरमध्ये नेमकी किती आत जाऊन थांबणार, हे ठरलेलं असावं लागतं. याला हेडस्पेस म्हणतात. साधारणपणे हे काम पुंगळीचा खांदा करतो. इथे खांदाच इतका उतरता की त्याच्यावर भरवसा ठेवता येईना. म्हणून बुडाजवळ पितळेचाच एक उंच पट्टा ठेवला. तो पट्टा चेंबरच्या कडेला टेकला की काडतूस तिथेच थांबणार.

हाच तो मॅग्नमचा प्रसिद्ध 'बेल्ट'. पुढे कित्येक वर्षं लोकांना वाटत राहिलं की पट्टा असतो ताकदीसाठी. प्रत्यक्षात तो होता काडतूस थांबवण्यासाठी.

या .३०० हॉलंडला अमेरिकेत नाव मिळालं ते १९३५ मध्ये. ओहायोतल्या कॅम्प पेरीच्या मैदानावर हजार यार्डांची विम्बल्डन कप स्पर्धा असते. त्या वर्षी बेन कम्फर्ट नावाच्या नेमबाजाने ती .३०० हॉलंडवर जिंकली. दोनच वर्षांनी विनचेस्टरची मॉडेल ७० ही रायफल बाजारात आली, तेव्हा तिच्या पर्यायांत हे काडतूस होतं.

दुसरी पिढी: युद्धाची उरलेली पावडर आणि १९६३

१९४४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या रॉय वेदरबी यांनी .३०० हॉलंडची पुंगळी घेतली, तिचा निमुळतेपणा काढून टाकला आणि आत पावडरला जास्त जागा केली. पट्टा तसाच ठेवला. वेग हाच वेदरबी यांचा मंत्र होता.

त्याच सुमारास आणखी एक गोष्ट घडली, ज्यामुळे मॅग्नम सामान्य माणसाच्या आवाक्यात आलं. दुसरं महायुद्ध संपलं आणि अमेरिकी सरकारकडे पावडरचा प्रचंड साठा उरला. कॅन्ससमधल्या ब्रूस हॉजडन यांनी तो विकत घेऊन घरी काडतुसं भरणाऱ्यांना विकायला सुरुवात केली. त्यातली ४८३१ नावाची पावडर २० मिलिमीटरच्या तोफेसाठी बनलेली होती आणि हळू जळायची. मोठ्या पुंगळीला अशीच पावडर लागते, कारण एकदम भडकणारी पावडर दाब धोक्याच्या पातळीवर नेते. स्वस्त आणि हळू जळणारी पावडर हाताशी आल्यावर घराघरांतल्या प्रयोगांना ऊत आला.

मग विनचेस्टर कंपनीने व्यवहारी विचार केला. .३०० हॉलंड इतकं लांब होतं की त्याला मोठ्या यंत्रणेची महागडी रायफल लागायची. १९५६ पासून विनचेस्टरने पट्ट्याची तीच पुंगळी आखूड करून .४५८, .३३८, .२६४ अशी मॅग्नम मालिकाच काढली. १९६२ मध्ये रेमिंग्टनने ७ एमएम रेमिंग्टन मॅग्नम आणलं. आणि १९६३ मध्ये आलं .३०० विनचेस्टर मॅग्नम.

याची पुंगळी २.६२० इंच. गोळीसकट पूर्ण काडतूस जास्तीत जास्त ३.३४० इंच. म्हणजे .३०-०६ ज्या नेहमीच्या लांबीच्या रायफलमध्ये बसतं, तिच्यातच हे मॅग्नमही बसणार. कारखान्याला वेगळी रायफल बनवायची गरज नाही, गिऱ्हाइकाला जास्त पैसे मोजायची गरज नाही. पुढे लष्कर आणि पोलिसांच्या स्नायपरांनीही ते स्वीकारलं. एडब्ल्यूएम ही खरी ब्रिटिश रायफलही .३०० विनचेस्टर मॅग्नममध्ये मिळायची. म्हणजे पबजीतल्या .३०० मॅग्नमचं खरं नाव शोधायचं तर बोट याच काडतुसाकडे जातं.

पट्ट्याचा त्रास कुणाला? घरी काडतूस भरणाऱ्याला

अमेरिकेत हँडलोडिंग हा मोठा छंद आहे. उडवलेली पितळी पुंगळी फेकून न देता तिचा पुन्हा वापर करायचा. डाय नावाच्या साच्यात दाबून ती परत मापात आणायची, नवा प्राइमर बसवायचा, मोजून पावडर भरायची, वर नवी गोळी बसवायची. पैसे वाचतात. पण बरेच जण हे करतात ते अचूकतेसाठी, कारण आपल्या रायफलला कोणती गोळी आणि किती पावडर मानवते हे बारकाईने जमवता येतं.

जुन्या आणि नव्या मॅग्नममधला खरा फरक इथे कळतो.

पट्ट्याच्या काडतुसात थांबायचं काम पट्टा करतो, त्यामुळे खांद्यापुढे चेंबरमध्ये थोडी मोकळी जागा सोडलेली असते. गोळी सुटताना पितळ पुढे फुगून ती जागा भरून काढतं. भरणारा माणूस डाय पूर्ण खाली घेऊन पुंगळी पुन्हा मूळ मापात दाबतो. पुढच्या वेळी पितळ परत ताणलं जातं. असं चार-पाच वेळा झालं की पट्ट्याच्या थोडं वर पितळ पातळ होतं आणि एक दिवस पुंगळीचं बूड वेगळं होऊन हातात येतं.

जाणकार लोक म्हणूनच पट्ट्याच्या वर चमकदार रेघ दिसतेय का ते बघतात. टोक वाकवलेली तार आत घालून खाच लागतेय का तेही चाचपतात. आणि यावर त्यांनी शोधलेला उपाय मजेशीर आहे. ते डाय अशी लावतात की खांदा फक्त केसभर मागे जाईल आणि पुंगळी खांद्यावरच टेकेल. म्हणजे पट्टा असूनही त्याचं काम काढून घ्यायचं. .३०० विनचेस्टरला खांदा चांगला ठळक आहे, त्यामुळे हे जमतं आणि पुंगळ्या बऱ्याच जास्त वेळा वापरता येतात.

मग पट्टा ठेवलाच कशाला? १९६३ पर्यंत त्याची तांत्रिक गरज जवळजवळ संपली होती. पण 'पट्टा म्हणजे मॅग्नम' हे गिऱ्हाइकाच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

तिसरी पिढी: आखूड आणि जाड

पट्टा सोडायला कंपन्यांना शतकाचा शेवट उजाडावा लागला. १९९९ मध्ये रेमिंग्टनने बिनपट्ट्याचं .३०० अल्ट्रा मॅग्नम आणलं. वेग जबरदस्त, धक्काही तसाच. आणि ही 'नवी' पुंगळी आली कुठून? विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या .४०४ जेफरी या ब्रिटिश काडतुसातून.

२००१ मध्ये विनचेस्टरने उलटा रस्ता धरला. .३०० शॉर्ट मॅग्नमची पुंगळी फक्त २.१ इंचांची, पण जाड. कल्पना स्पर्धेतल्या नेमबाजांकडून आली होती. १९७० च्या दशकात लू पामिसानो आणि फेरिस पिंडेल यांनी पीपीसी नावाचं आखूड-जाड काडतूस बनवलं होतं आणि त्याने अचूकतेच्या स्पर्धा गाजवल्या होत्या. आखूड पुंगळीत पावडर एकसारखी जळते, असं त्यामागचं म्हणणं.

.३०० शॉर्ट मॅग्नममध्ये पावडरला जागा .३०० विनचेस्टरपेक्षा साधारण दहा टक्के कमी, तरी १८० ग्रेनच्या गोळीला वेग जवळपास तेवढाच. रायफल आखूड आणि हलकी. कागदावर सगळा फायदाच दिसतो.

मग पुढच्या काही वर्षांत आखूड मॅग्नमची रांगच लागली. प्रत्येक कंपनीचं वेगळं, प्रत्येकाला वेगळी रायफल. .३०० शॉर्ट मॅग्नम टिकलं, पण त्याच्या बरोबरीने आलेली कित्येक भावंडं दुकानांच्या फळ्यांवरून गायब झाली. ज्यांनी ती विकत घेतली होती, त्यांच्याकडे उत्तम रायफल उरली आणि काडतूस शोधत फिरायची वेळ आली.

चौथी पिढी: गोळीच बदलली

२०१८ मध्ये हॉर्नाडी कंपनीचं .३०० पीआरसी आलं. इथे मात्र फरक पुंगळीत कमी आणि गोळीत जास्त आहे.

मधल्या काळात दोन गोष्टी बदलल्या होत्या. एक, १९९० च्या दशकात लेझर रेंजफाइंडर शिकाऱ्याच्या खिशात आला. जनावर ३५० यार्डांवर आहे की ४५०, हे पूर्वी अंदाजाने ठरायचं, आता बटण दाबलं की कळतं. अंतर अचूक माहीत असेल तर गोळी किती खाली जाईल हे दुर्बिणीवर फिरवून जुळवता येतं. मग सुरुवातीचा वेग तितका महत्त्वाचा राहत नाही. उरतो तो वारा, कारण तो बटण दाबून मोजता येत नाही. वाऱ्याला पुरून उरते ती लांब, सडपातळ, टोकदार गोळी, कारण हवेत तिचा वेग कमी वाया जातो.

दुसरी गोष्ट शिशाची. कॅलिफोर्नियातलं काँडर हे प्रचंड गिधाड १९८२ मध्ये जगात फक्त २२ उरलं होतं. शिकारीनंतर जंगलात पडलेल्या अवशेषांतून शिशाचे कण पोटात जाऊन या पक्ष्यांना विषबाधा होते, हे संशोधकांनी दाखवून दिलं. १ जुलै २०१९ पासून कॅलिफोर्नियात शिकारीसाठी शिशाच्या गोळ्यांवर पूर्ण बंदी आली. पर्याय तांब्याचा. पण तांबं शिशापेक्षा हलकं. तेवढंच वजन हवं तर गोळी लांब करावी लागते.

आता लांब गोळीच्या दोन मागण्या असतात. पहिली, नळीतला पीळ घट्ट हवा. नळीच्या आत सर्पिल खाचा असतात, त्या गोळीला भोवऱ्यासारखं फिरवतात. गोळी जितकी लांब, तितकं तिला जास्त फिरवावं लागतं. .३०० विनचेस्टरच्या रायफली बहुधा दहा इंचांत एक फेरा अशा असतात. पीआरसीच्या आठ ते नऊ इंचांत एक.

दुसरी मागणी जागेची. .३०० विनचेस्टर ३.३४० इंचांतच बसवायचं असल्यामुळे लांब गोळी पुंगळीत खोल खुपसावी लागते. ती पावडरची जागा खाते. शिवाय या पुंगळीची मान आखूड आहे, तिने लांब गोळी नीट धरून ठेवण्याबद्दल हँडलोडर जुनी तक्रार करतात. पीआरसीची पुंगळी आहे २.५८० इंच, म्हणजे विनचेस्टरपेक्षा किंचित आखूडच. पण पूर्ण काडतुसाला परवानगी आहे ३.७०० इंचांची. जास्तीची सगळी लांबी बाहेर राहणाऱ्या गोळीसाठी. त्यातून २१२ ग्रेनची गोळी साधारण २,८६० फुटांनी सुटते.

आणि इथे वर्तुळ पूर्ण होतं. १९२५ च्या .३०० हॉलंडची लांबी होती ३.६०० इंच. लांब आहे म्हणून १९६३ मध्ये ते कापून छोटं केलं. २०१८ च्या काडतुसाला पुन्हा तेवढीच लांब रायफल लागते. कॉर्डाइट उन्हात बिघडायचं, तर आज हँडलोडर तापमानाने न बदलणारी पावडर शोधून शोधून घेतात. प्रश्न जुनेच आहेत, उत्तरं नवी आहेत.

मग मैदानात फरक किती पडतो?

समजा .३०-०६ आणि .३०० विनचेस्टर, दोन्ही रायफली २०० यार्डांवर नेम जुळवून १८० ग्रेनच्या गोळीने चालवल्या. ३०० यार्डांवर म्हणजे २७५ मीटरच्या आसपास, दोन्ही गोळ्यांच्या घसरणीत फरक पडतो साधारण दोन इंचांचा. पाच सेंटिमीटर. हरणाच्या छातीतला हृदय-फुप्फुसांचा भाग साधारण आठ इंचांचा असतो, एल्कचा त्याहून मोठा. म्हणजे या अंतरापर्यंत मॅग्नम नसलं तरी चालतं. मग जुनं मॅग्नम आणि नवं मॅग्नम यांतला फरक तर त्याहून कमी.

पीआरसीचा फायदा दिसायला लागतो तो पाचशे यार्डांच्या पुढे, आणि आठशे-हजार यार्डांवर तो ठळक होतो. स्पर्धेत लोखंडी पाटीवर नेम धरणाऱ्यासाठी हे मोलाचं आहे. पाटी हलत नाही आणि नेम चुकला तर तिला वेदना होत नाहीत.

जनावराचं तसं नाही. हजार यार्डांवर गोळी पोहोचायला एक सेकंदाहून जास्त वेळ लागतो. तेवढ्यात एल्क एक पाऊल पुढे टाकतो आणि छातीवर धरलेली गोळी पोटात लागते. कोणतंही काडतूस यावर उपाय देऊ शकत नाही. थिओडोर रूझवेल्ट यांनी १८८७ मध्ये स्थापन केलेल्या बून अँड क्रॉकेट क्लबने 'फेअर चेज' म्हणजे जनावरालाही निसटायची संधी देणारी शिकार, ही कल्पना रुजवली. लांब पल्ल्याच्या नव्या काडतुसांवरची मुख्य टीका याच अंगाने होते.

धक्क्याचा मुद्दाही इथेच येतो. मॅग्नमच्या धक्क्याची धास्ती घेतलेला माणूस चाप ओढताना डोळे मिटतो, खांदा आखडतो. त्याचा नेम दोन इंचांनी नाही, दोन फुटांनी जातो. जिम कॉर्बेट यांच्याकडची .२७५ रिग्बी त्यांना १९०७ मध्ये चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला मारल्याबद्दल भेट मिळाली होती. ती मॅग्नम नव्हती. हलकी, कमी धक्क्याची रायफल होती आणि कॉर्बेट यांची ती आवडती.

हँडलोडरचा हिशोब

घरी काडतूस भरणाऱ्यासाठी उत्तर थोडं वेगळं येतं.

• .३०० हॉलंड: पुंगळी निमुळती, चेंबरमध्ये लोण्यासारखी जाते. पण पुंगळ्या मिळणं अवघड आणि पट्ट्याची कटकट आहेच. आजोबांची रायफल हाताशी असेल तर जपावी, नव्याने घेण्यात अर्थ कमी.

• .३०० विनचेस्टर: साठ वर्षांचा छापील डेटा उपलब्ध, पुंगळ्या बनवणाऱ्या कंपन्या भरपूर. पट्ट्याकडे दुर्लक्ष करून खांद्यावर मापं घ्यायची सवय लागली की त्रास उरत नाही.

• .३०० शॉर्ट मॅग्नम: हलक्या आणि मध्यम गोळ्यांना उत्तम. खूप लांब गोळ्यांना आखूड रायफलमध्ये जागा पुरत नाही.

• .३०० पीआरसी: पट्टा नाही, लांब गोळीला जागा आहे, चेंबरची मापं आधीच अचूक ठरवलेली. मात्र रायफल लांब यंत्रणेचीच हवी.

आणि एक गोष्ट कुठल्याच तक्त्यात नसते. २०२०-२१ मध्ये कोविडच्या काळात अमेरिकेत काडतुसं आणि प्राइमरचा मोठा तुटवडा झाला, महिनोन्‌महिने फळ्या रिकाम्या होत्या. अशा वेळी जे काडतूस सगळ्यात जास्त लोक वापरतात, त्याचाच माल आधी परत येतो. जुनं असण्याचा हा सगळ्यात मोठा फायदा.

सुरक्षेचंही बघू. काडतुसांची मापं आणि दाबाच्या मर्यादा ठरवणाऱ्या सामी या अमेरिकन संस्थेने .३०० विनचेस्टरसाठी कमाल दाब ठेवला आहे ६४,००० पीएसआय. गाडीच्या टायरमध्ये ३२ च्या आसपास असतो. म्हणजे दोन हजार पट दाब, माणसाच्या गालापासून काही इंचांवर. म्हणूनच हँडलोडर कंपनीच्या छापील पुस्तकाबाहेर जात नाहीत. आणि सहाही काडतुसांचं नाव .३०० असलं तरी एकाचं काडतूस दुसऱ्याच्या रायफलमध्ये घालणं जिवावर बेतू शकतं.

आपल्याकडे काय?

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आहे. माणसाच्या जिवाला धोकादायक झालेल्या प्राण्यासारखे मोजके अपवाद आहेत आणि तो निर्णय वन खात्याचा असतो. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणं हा गुन्हा आहे. त्यामुळे यूट्यूबवर हँडलोडिंगचे कितीही व्हिडिओ दिसले तरी ते बघण्यापुरतेच.

थोडक्यात

नवं मॅग्नम वाईट नाही. लांब गोळी, तांब्याची गोळी, लांब पल्ल्याची स्पर्धा, यांसाठी ते खरंच विचार करून बनवलेलं आहे. पण ज्याच्याकडे .३०० विनचेस्टर आहे आणि ज्याची शिकार तीनशे-चारशे यार्डांच्या आत होते, त्याने नवी रायफल घेतली म्हणून एल्कला काही फरक पडणार नाही. त्याच पैशात वर्षभराच्या सरावाच्या गोळ्या येतात, आणि जनावर एका गोळीत, कमी यातनांत पडण्याची शक्यता त्या सरावानेच जास्त वाढते.

शंभर वर्षांत काडतूस निमुळतं झालं, जाड झालं, आखूड झालं आणि परत लांब झालं. गोळीचा व्यास .३०८ इंचच राहिला.